नाव नाकारणारे स्वातंत्र्यवादी : हायेक यांच्या एका उत्तरलेखाची चिकित्सा

पदवी वर्गाच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत विचारवंतांना निरनिराळ्या ‘वादां’च्या खणांत बसविण्याची पद्धत जुनी आहे. मिल उदारमतवादी, बर्क परंपरावादी, मार्क्स साम्यवादी ही वाटणी परीक्षेच्या दृष्टीने सोयीची असते. एखादा विचारवंत स्वतःच आपल्याला दिलेला खण नाकारतो तेव्हा मात्र अडचण उभी राहते. फ्रीडरिख हायेक (१८९९-१९९२) हे अशा अडचणीचे ठळक उदाहरण होय. पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका त्यांना सरसकट ‘लिबर्टेरियन’ म्हणतात. हायेक यांनी मात्र १९६० मध्येच लिहून ठेवले होते की, हा शब्द आपल्याला मुळीच आकर्षक वाटत नाही.

हे त्यांनी लिहिले ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’ या ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या उत्तरलेखात. ‘आपण कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही’ हा त्या लेखाचा विषय आहे आणि शीर्षकही तेच सांगते. लेखाचा बहुतेक भाग परंपरावाद्यांपासून फारकत घेण्यात खर्च झाला आहे. ‘लिबर्टेरियन’ या शब्दाचा विचार अखेरच्या काही परिच्छेदांत येतो आणि तोही घाईने. अभ्यासक बहुधा पहिल्या भागावर लिहितात. प्रस्तुत लेखात त्या घाईने उरकलेल्या भागाची तपासणी केली आहे, कारण स्वातंत्र्याच्या विचाराविषयी आस्था असलेली पुष्कळ माणसे हे नाव का टाळतात याची सुरुवात तेथे सापडते. हायेक यांनी दिलेले कारण पुरेसे नाही, हेही तेथेच दिसते.

हायेक यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. राजकीय मतांची मांडणी डावे, मधले, उजवे अशी एका रेषेत केली जाते, ती चुकीची आहे. त्याऐवजी त्रिकोण कल्पावा. एका कोपऱ्यात परंपरावादी, दुसऱ्यात समाजवादी, तिसऱ्यात लिबरल. परंपरावादी बदलाला भितो, अधिकारावर विसंबतो आणि आपल्या माणसांच्या हाती सत्ता असेल तर तिच्या मर्यादेची फारशी चिंता करीत नाही. नव्या ज्ञानाचे परिणाम आवडले नाहीत म्हणून ते ज्ञानच नाकारण्याकडे त्याचा कल असतो. खऱ्या लिबरलाचे धर्माशी भांडण नाही, एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लिबरलांचा आक्रमक धर्मविरोध खेदजनक होता, असेही हायेक येथे बजावतात. आपली श्रद्धा कितीही दृढ असली तरी ती दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही, ही जाणीव ते लिबरलाची खूण मानतात. उत्तरलेखाचा हा भाग आजही वर्गात वाचून दाखवावा असा आहे.

मग आपले नाव काय? ‘लिबरल’ म्हणावे तर अमेरिकेत रूझवेल्टच्या काळापासून त्या शब्दाचा अर्थ पालटला आहे आणि युरोपात तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या तर्ककठोर परंपरेशी जोडला गेला आहे. ‘लिबर्टेरियन’ म्हणावे तर तो शब्द बनावट, कारखान्यात घडविल्यासारखा आणि दुसऱ्याच्या जागी बदली आलेला वाटतो. हायेक यांना हवा होता जीवनाच्या, मुक्त वाढीच्या पक्षाला शोभेल असा शब्द. तो सापडला नाही. अखेर त्यांनी स्वतःला ‘ओल्ड व्हिग’ म्हटले आणि ‘ओल्ड’वर जोर दिला.

नावाचा हा पेच हायेक यांना नवा नव्हता. एप्रिल १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँ पेलेरँ येथे त्यांनी समविचारी विद्वानांची बैठक बोलावली, तेव्हा संस्थेला ॲक्टन आणि तोकव्हील यांची नावे द्यावीत असे त्यांनी सुचविले होते. शिकागोचे फ्रँक नाइट यांनी हरकत घेतली. दोन कॅथलिक सरदारांच्या नावाने लिबरल चळवळ उभी करावी हे त्यांना पटेना. अखेर संस्थेने ज्या डोंगरावर बैठक झाली त्याचेच नाव घेतले. विचारांवर एकमत असलेली मंडळी नावावर एकत्र येऊ शकली नाहीत आणि त्यांनी भूगोलाचा आधार घेतला, ही घटना गमतीची वाटली तरी पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे.

शब्दाची कुळकथा

‘लिबर्टेरियन’ शब्द बनावट आहे, हा हायेक यांचा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हा शब्द तत्त्वज्ञानाच्या वादात वापरला जाई. मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे असे मानणारा तो लिबर्टेरियन, सर्व काही पूर्वनियत आहे असे मानणारा त्याचा प्रतिपक्षी. (जबर आणि इख़्तियार यांचा जुना वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा अर्थ परका वाटणार नाही.) राजकीय अर्थाने तो प्रथम फ्रेंच डाव्यांनी वापरला. जोसेफ देजाक या अराजकवाद्याने १८५७ मध्ये प्रुधाँ यांना लिहिलेल्या पत्रात स्वतःसाठी ‘लिबर्टेर’ शब्द योजला. प्रुधाँ स्त्रियांना समान मानीत नाहीत, म्हणून ते पुरते स्वातंत्र्यवादी नाहीत, ही देजाक यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये त्यांनी ‘ल लिबर्टेर’ हे पत्र सुरू केले. १८९५ पासून पॅरिसमध्ये त्याच नावाचे दुसरे पत्र निघू लागले. नोम चॉम्स्की यांनीही हा शब्द त्याच समाजवादी अर्थाने वापरला.

म्हणजे १९६० मध्ये या शब्दाला शंभर वर्षांची वंशावळ होती, फक्त ती विरोधी तंबूतली होती. मुक्त बाजारपेठेच्या समर्थकांनी तो उचलला विसाव्या शतकाच्या मध्यावर. ‘लिबरल’ हातचा गेला, आता हा चांगला शब्द आपण राखून ठेवावा, अशी सूचना डीन रसेल यांनी १९५५ मध्ये अमेरिकेतील ‘द फ्रीमन’ मासिकात केली. नंतर मरे रॉथबार्ड यांनी हा शब्द आपण डाव्यांकडून जिंकून आणला, असा आनंद व्यक्त केला. हायेक यांना शब्दात बदलीपणाचा वास आला तो याच नव्या वापरामुळे, आणि त्या मर्यादेत त्यांचे नाक बरोबर होते. परंतु शब्दाचा मूळ मालक कोण होता, याविषयी उत्तरलेख गप्प आहे. शब्दांच्या नैसर्गिक वाढीवर इतका भर देणाऱ्या लेखकाने या शब्दाची वाढ पाहू नये, ही उणीव लहान नाही.

त्यांनी निवडलेल्या पर्यायाचेही तसेच. ‘व्हिग’ हे नाव कोणी विचारपूर्वक घेतलेले नव्हते. स्कॉटलंडमधील बंडखोर प्रेस्बिटेरियनांना हिणविण्यासाठी ते वापरले जाई आणि १६७९ च्या सुमारास जेम्सला गादीचा वारसा मिळू नये म्हणून झटणाऱ्या इंग्लंडमधील गटाला ते शिवी म्हणून चिकटविण्यात आले. समोरच्यांनी उलट ‘टोरी’ ही आयरिश दरोडेखोरांसाठीची शिवी परत मिळविली. दोन्ही शिव्या पुढे मानाच्या झाल्या. मराठी वाचकाला हा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पक्षाला आपल्याकडे ‘मवाळ’ म्हणत, ते कौतुकाने नव्हे. याच परंपरेतील मंडळींनी १९१८ नंतर अखिल भारतीय पातळीवर स्वतःला ‘लिबरल’ म्हणविले. मराठीत मात्र मवाळ हे मवाळच राहिले. व्हिगांच्या नशिबी आले ते मवाळांच्या आले नाही. नाव मानाचे होणे वा न होणे हे शब्दाच्या सौंदर्यावर नव्हे, तर त्या नावाच्या माणसांनी सत्तेत काय केले यावर ठरते.

जुन्या व्हिगांनी सत्तेत काय केले, हा प्रश्न हायेक यांनी स्वतःला पुरेसा विचारलेला दिसत नाही. राजाच्या सत्तेला कायद्याचे लगाम घातले, हे खरे आणि मोठे. पण ज्या स्वातंत्र्यासाठी ते झगडले त्यातून कॅथलिक वगळलेले होते. जेम्सला विरोध होता तो तो कॅथलिक होता म्हणून. १६८९ च्या धर्मसहिष्णुतेच्या कायद्यानेही कॅथलिकांना सामावून घेतले नाही आणि आयर्लंडमध्ये तर पुढे कडक निर्बंध आले. कॅथलिक घरात जन्मलेले, व्हिएन्नासारख्या बहुभाषी राजधानीत वाढलेले हायेक हेच नाव मोठ्या प्रेमाने घेतात आणि त्या सावलीचा उल्लेखही करीत नाहीत. ज्यांच्याकडून त्यांनी हे नाव घेतले त्या एडमंड बर्क यांचे येथे वेगळेपण आहे. बर्क यांनी कॅथलिकांच्या सवलतींची बाजू घेतली आणि वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवून अवधच्या बेगमांवरील अन्यायाचा जाब संसदेत मागितला. ओल्ड व्हिग या नावात काही तेज असेल तर ते बर्क यांच्या या कामगिरीचे, १६८९ च्या करारनाम्याचे नव्हे.

न सांगितलेले कारण

हायेक यांचा नकार केवळ शब्दाच्या रुचीचा असता, तर येथे विषय संपला असता. पण ग्रंथाचा तिसरा भाग उलगडला की दुसरेच कारण दिसू लागते. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्यांना किमान आधार देणे, विम्याची सक्ती करणे, इमारतींच्या सुरक्षिततेचे नियम ठरविणे, शिक्षण एका मर्यादेपर्यंत सक्तीचे करणे या गोष्टी हायेक शासनाकडे सोपवितात. नियम सर्वांना सारखे आणि आगाऊ जाहीर असावेत, कोणा विशिष्ट माणसाला हेरून केलेले नसावेत, एवढीच त्यांची अट आहे. असा नियम पाळावा लागणे म्हणजे गुलामी नव्हे, असे ते म्हणतात.

येथेच खऱ्या लिबर्टेरियनांनी त्यांना पकडले. रोनाल्ड हॅमोवी या तरुण अभ्यासकाने १९६१ मध्ये ‘न्यू इंडिव्हिज्युॲलिस्ट रिव्ह्यू’मध्ये आक्षेप घेतला की, नियम सर्वसाधारण असला म्हणून तो जुलमी नसतोच असे नाही. सर्वांना सारखी लागू होणारी बंदीही बंदीच. हा आक्षेप वजनदार आहे. एखादा कायदा कागदावर सर्वांना समान असतो आणि प्रत्यक्षात एकाच समूहाच्या पोटावर येतो, हे अल्पसंख्याकांना कोणी शिकवावे लागत नाही. हायेक यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिले, पण ते समाधानकारक म्हणता येत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. लिबर्टेरियन म्हणविणाऱ्यांच्या कसोटीला हायेक उतरत नव्हते आणि त्यांनाही ते ठाऊक होते. शब्द रुचत नाही असे म्हणून त्यांनी मतभेद रुचीच्या नावावर खपविला, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही.

हॅमोवी यांचा दुसरा रोख हायेक यांच्या एका उदाहरणावर होता. वाळवंटातल्या वस्तीत एका माणसाच्या मालकीचा झरा आहे. लोक पाण्याची दुसरी सोय आहे या विश्वासाने येऊन राहिले आणि मग इतर झरे आटले. आता तो मालक पाण्यासाठी काहीही अट घालू शकतो. ही सक्ती आहे, असे हायेक म्हणतात. हॅमोवी म्हणतात, ही सक्ती नव्हे, त्याची मालमत्ता आहे, त्याने वाटेल ती किंमत सांगावी. तर्काच्या शिस्तीने पाहिले तर हॅमोवी यांची रेषा सरळ आहे. हायेक यांची वाकडी आहे, कारण शासनाखेरीज दुसरा कोणी जुलूम करूच शकत नाही, हे त्यांना मान्य नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या झऱ्यापाशी महाडचे चवदार तळे आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांना त्या पाण्याला स्पर्श करता आला नाही. अडविणारे शासन नव्हते, समाज होता. पुढे न्यायालयात सवर्ण फिर्यादींनी तळे खाजगी असल्याचा आणि रूढीने आपलाच हक्क असल्याचा दावा मांडला. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये तो फेटाळला. मालमत्तेच्या हक्काची भाषा जुलमाची ढाल कशी बनते, हे या खटल्याइतके स्वच्छ क्वचित दिसते. १९४७ मधील ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. शासन बाजूला झाले की उरणारे स्वातंत्र्य कोणाचे, असा त्यांचा प्रश्न होता आणि जमीनदार व मालक यांना मनासारखे वागण्याची मोकळीक, हे त्यांचे उत्तर होते. व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर विश्वास असलेला भारतीय वाचक ‘लिबर्टेरियन’ नावापाशी का अडखळतो, याचे यापेक्षा चांगले स्पष्टीकरण हायेक यांच्या उत्तरलेखात नाही. आंबेडकरांनी सुचविलेला उपाय, म्हणजे शेती व मूलभूत उद्योग शासनाच्या ताब्यात देणे, कोणाला पटो वा न पटो, प्रश्न टळत नाही.

शाळा कोणाच्या ताब्यात

ग्रंथाच्या चोविसाव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. विषय शिक्षण आणि संशोधन हा आहे. हायेक सक्तीचे प्राथमिक शिक्षण मान्य करतात, त्यासाठी शासनाने पैसा द्यावा हेही मान्य करतात. मात्र पैसा दिला म्हणून शाळा शासनानेच चालवावी हे त्यांना अमान्य आहे. या ठिकाणी त्यांची लेखणी एकदम आत्मीय होते. निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक जेथे एकत्र राहतात तेथे शाळा कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न वैराचे मुख्य कारण बनतो, हे जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरीत आपण पाहिले आहे, असे ते सांगतात. त्या भांडणात माणसे मरण्यापेक्षा काही मुले औपचारिक शिक्षणावाचून राहिलेली परवडली, या युक्तिवादात पुष्कळ तथ्य असल्याचे ते मान्य करतात.

बेळगावच्या परिसरात शिकविणाऱ्याला हे परिच्छेद परके वाटणार नाहीत. शाळेची भाषा, फलकाची भाषा आणि मंडळाची भाषा यांवरून काय घडते, ते तेथे पिढ्यान्पिढ्या पाहिले गेले आहे. तरीही हायेक यांचा शेवटचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. शिक्षणावाचून राहिलेली मुले कोणाची असतील, याचा हिशेब त्यांनी केलेला नाही. ती श्रीमंत घरातील नसणार, हे सांगण्यास आकडेवारी लागत नाही. परंतु त्यांच्या निदानाला भारतीय राज्यघटनेने १९५० मध्येच एक उत्तर दिले होते आणि ते हायेक यांच्या शिफारशीच्या बरेच जवळ जाते. कलम ३० अन्वये धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागानुसार, व्यवस्थापन अल्पसंख्याकांचे आहे एवढ्याच कारणाने शासनाला अनुदान देताना भेदभाव करता येत नाही. म्हणजे पैसा शासनाचा, व्यवस्थापन समाजाचे. अनुदान घेतले की नियंत्रण किती सोसावे, हा तंटा न्यायालयांत वारंवार गेला. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये त्याचा विस्ताराने विचार केला.

अनुदानित संस्थेत वेतन घेणारा आणि तिच्या स्वायत्ततेसाठी भांडणारा प्राध्यापक, हायेक ज्या मधल्या जागेविषयी लिहितात तेथेच उभा असतो. त्याला लिबर्टेरियन म्हणावे तर तो पगारपत्रकाकडे बोट दाखवील. शासनवादी म्हणावे तर तो कलम ३० पुढे करील. अशा माणसाने नाव नाकारणे ही चलाखी नसते. त्याच्या स्थितीला बसेल असे नाव उपलब्ध नसते, इतकेच.

इतरांचे नकार

हायेक एकटे नव्हते, पण इतरांची कारणे निराळी होती. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मधील ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’मध्ये ‘लिबरल’ हाच शब्द जुन्या अर्थाने वापरण्याचा हट्ट धरला. १९७१ मध्ये कोलोराडो येथे लिबर्टेरियन नावाचा पक्षच निघाला, तेव्हापासून नाव घेणे म्हणजे पक्ष घेणे असा समज होऊ लागला. फ्रीडमन नंतर स्वतःला लहान अक्षराचा लिबर्टेरियन आणि मोठ्या अक्षराचा रिपब्लिकन म्हणत. रोमन लिपीतील हा विनोद देवनागरीत आणता येत नाही, पण मुद्दा स्पष्ट आहे. आयन रँड यांचा विरोध सर्वांत कडवा होता. त्यांच्या मते लिबर्टेरियनांनी आपले निष्कर्ष उचलले आणि त्यांखालचा नीतिशास्त्राचा पाया फेकून दिला. त्यांना अनुयायी हवे होते, सहप्रवासी नकोत. रॉबर्ट नोझिक यांची गोष्ट सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल. १९७४ मधील ‘ॲनार्की, स्टेट अँड युटोपिया’ने या विचाराला विद्यापीठांत प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि १९८९ मध्ये ‘द एक्झॅमिन्ड लाइफ’मध्ये त्यांनीच आपली जुनी भूमिका गंभीरपणे अपुरी असल्याची कबुली दिली. नावाचा वाद न घालता त्यांनी मताचीच दुरुस्ती सांगितली.

उर्दू साहित्याच्या अभ्यासकाला येथे मंटो आठवतील. १९३६ नंतर तरक़्क़ीपसंद लेखकांची चळवळ जोमात होती. मंटो यांच्या कथांचे विषय त्या चळवळीचेच होते, पण चळवळीने त्यांना आपले मानले नाही आणि मंटोंनीही तो शिक्का मागितला नाही. शिक्का कोण देतो, कोणत्या अटीवर देतो आणि काढून घेण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हे प्रश्न साहित्यात आणि राजकारणात सारखेच असतात.

नाव नाकारण्यामागे आणखी एक कारण असते, संगतीचे. हायेक यांनी १९७७ आणि १९८१ मध्ये पिनोशे यांच्या चिलीला भेट दिली आणि १९८१ मध्ये तेथील ‘एल मेर्कुरियो’ या वृत्तपत्राच्या मुलाखतीत, लिबरल नसलेल्या लोकशाहीपेक्षा लिबरल हुकूमशहा आपल्याला बरा वाटतो, अशा आशयाचे उत्तर दिले. माणसे नाहीशी केली जात असताना दिलेले हे उत्तर आहे. परंपरावाद्यांना सत्तेच्या मर्यादेची चिंता नसते, हा १९६० मधील आरोप त्यांनी स्वतःवरच ओढवून घेतला. बाजारावरील विश्वास कायम ठेवूनही अनेकांनी नंतर हायेक यांच्या नावापासून अंतर राखले, ते या कारणाने. त्यांना दोष देता येत नाही.

मुंबई आणि आंबेठाण

या शब्दाचा भारतातील प्रवास अभ्यासकांनी अजून पुरेसा तपासलेला नाही. मुंबईचे रणछोडदास लोटवाला हे १९२० च्या दशकात श्रीपाद अमृत डांगे यांच्या मार्क्सवादी कार्याचे आश्रयदाते होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या संस्थेच्या नावात ‘लिबर्टेरियन’ आणि ‘सोशालिस्ट’ हे दोन्ही शब्द शेजारी नांदत होते आणि ती युरोपीय अराजकवाद्यांचे साहित्य छापीत होती. पुढे ‘सोशालिस्ट’ गळाले, आणि त्याच वर्तुळातून निघालेले ‘द इंडियन लिबर्टेरियन’ हे पत्र नियोजनाविरुद्ध मुक्त अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करू लागले. फ्रान्स ते अमेरिका असा शंभर वर्षांत झालेला अर्थपालट मुंबईत एकाच आश्रयदात्याच्या छत्राखाली काही वर्षांत घडला. हायेक यांना हे उदाहरण ठाऊक असते तर शब्दाच्या बनावटपणाविषयी ते इतके निश्चिंत राहिले नसते.

१९५९ मध्ये राजाजी आणि मिनू मसानी प्रभृतींनी पक्ष काढला, त्याचे नाव ‘स्वतंत्र’ ठेवले. त्यात ‘वाद’ नव्हता. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळविणाऱ्या या पक्षात संस्थानिक होते, उद्योगपती होते आणि शेतकरीही होते. नेमका वाद जाहीर केला असता तर एवढे लोक एका छताखाली आले नसते, आणि न केल्यामुळे ते फार काळ टिकलेही नाहीत.

शरद जोशी (१९३५-२०१५) यांनी आंबेठाणहून उभारलेल्या शेतकरी संघटनेची दिशा निराळी होती. शेतमालाचा भाव शासन पाडते म्हणून शेतकरी कर्जात बुडतो, हे त्यांचे मूळ प्रतिपादन. शासनाकडून सवलत मागण्याऐवजी शासनाने मधून दूर व्हावे, अशी मागणी घेऊन हजारो शेतकरी रस्त्यावर आले, ही जगातील स्वातंत्र्यवादी चळवळींत दुर्मीळ घटना होय. पण महाडच्या प्रश्नाला, म्हणजे शासनाखेरीज इतरांच्या जुलमाला, जोशी यांच्याकडे काही उत्तर होते का? अंशतः होते. नोव्हेंबर १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम आला. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे करावयाचा, कायद्याच्या सक्तीने नव्हे. स्त्रीवरील अन्याय मान्य करून तो शासनाला न बोलावता दूर करण्याचा हा प्रयत्न होता. ज्या घरी पती राजी झाला नाही तेथील स्त्रीचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

१९९४ मध्ये जोशी यांनी ‘स्वतंत्र भारत पक्ष’ काढला. येथे नावाचा पेच कायद्याचाच होऊन बसतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार नोंदणी मागणाऱ्या पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांवरील निष्ठा लिहून द्यावी लागते. १९८९ पासून ही तरतूद अमलात आहे. म्हणजे मुक्त बाजारपेठेच्या पक्षालाही समाजवादाची शपथ घेतल्याशिवाय नोंदणी नाही. हायेक यांना नको असलेले नाव टाळण्याची तरी मुभा होती.

भाषांतराचा प्रश्न

उत्तरलेख मराठीत वा उर्दूत शिकविताना पहिली अडचण शब्दाची येते. शेतकरी संघटनेच्या वर्तुळात ‘स्वतंत्रतावादी’ रुळला आहे, अन्यत्र ‘स्वातंत्र्यवादी’ आढळतो. प्रस्तुत लेखाच्या शीर्षकातही तोच आहे, पण हायेक यांच्या वाक्यात तो चालत नाही. ‘हायेक यांनी स्वातंत्र्यवादी म्हणवून घेण्यास नकार दिला’ असे वाक्य फळ्यावर लिहिले की, ज्याच्या कानात स्वातंत्र्यसैनिक हा शब्द आहे त्या विद्यार्थ्याला हायेक स्वातंत्र्याचे विरोधक वाटतात. उर्दूत ‘आज़ादीपसंद’ म्हटल्यास हाच घोटाळा होतो, ‘आज़ादख़याल’ म्हटल्यास शब्दाला मोकाटपणाचा टोमणा चिकटतो. ‘उदारमतवादी’ हा तर ‘लिबरल’साठी आधीच खर्च झाला आहे. मराठीत उदार म्हणजे देता हात, आणि हायेक यांच्या विचारात देण्यापेक्षा अडथळा न करण्याला महत्त्व आहे, ही त्यातली आणखी एक फसगत.

तेव्हा निदान या एका लेखापुरते ‘लिबर्टेरियन’ आणि ‘व्हिग’ हे दोन्ही शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवावेत, आणि पहिल्या तासाला देजाक यांचे १८५७ चे पत्र व १६७९ ची शिवी या दोन गोष्टी सांगून मगच हायेक यांच्या वाक्याकडे वळावे.